चौकशीच्या खिडकीमागे

१

पडद्यावर एकच शब्द आला. ‘घेतलेले’.

सविताने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच शब्द. कालपर्यंत याच जागी ‘उपलब्ध’ असं येत होतं, आणि ते वाचलं की तिला बरं वाटायचं.

पंचवटीतल्या रियाजच्या सायबर कॅफेत ती गटाची मेल बघायला रोज सकाळी यायची. मेल बघून झाली की वेबसाइट बनवणाऱ्या किशोरने करून दिलेलं छोटं पान उघडायची. त्या पानावर एक चौकट होती आणि एक बटण. चौकटीत वेबसाइटचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, की ते नाव मोकळं आहे की कुणी घेतलंय ते कळायचं. सविता रोज तेच एक नाव विचारायची. डोंगरनागली डॉट कॉम. रानात पेरलेलं उगवलंय का, हे जसं माणूस रोज जाऊन बघतं, तसंच. बायका हसतील म्हणून हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिने घाईघाईने तो पत्ताच उघडला. पांढऱ्या पानावर एकच ओळ होती. ‘हे नाव विक्रीसाठी आहे.’

२००७ सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. त्याच दिवशी हे नाव घ्यायचं ठरलं होतं.

२

पेठकडच्या डोंगरातून नाशकात येऊन राहिलेल्या बायकांचा तो गट होता. त्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड, पीठ आणि बिस्किटं करायच्या. मालाला चव होती, पण गिऱ्हाईक दारापर्यंतच. वेबसाइट झाली तर पुण्या-मुंबईची मागणी सरळ येईल, मधला कुणी लागणार नाही, हे सविताने सगळ्यांना पटवून दिलं होतं. गटात संगणक येणारी ती एकटीच.

गटाच्या प्रमुख चिमणाबाई. नाव दोघींनी मिळून ठरवलं, आणि चिमणाबाईंनी तिथल्या तिथे नियम घातला. “हे बारसं हाय. बारशाआधी नाव फोडायचं नाय. आखाजीचा मुहूर्त चांगला, त्या दिशी घ्यायचं. तवर तू नि मी. तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नाय.”

आता त्याच चिमणाबाई पाटावर बसून सविताकडे बघत होत्या.

“नाव दोघींनाच ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “मी तर बोलले नाय.”

“मग मी बोलले, असं म्हणताय का, मावशी?”

“मी काय बी म्हणत नाय. पण गटातल्या बाया म्हणत्यात. पोरीनं नाव इकलं, म्हणत्यात.”

“आणि तुम्ही?”

चिमणाबाईंनी पापडाची लाटी उगाच पुन्हा मळली. “आखाजीपर्यंत खरं काय ते दाखव. नाय तर गटाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं दे.”

किल्ली द्यायची म्हणजे गट सोडायचा, आणि गट सोडायचा म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा पिंपळगावला द्राक्षाच्या पेट्या भरायला जायचं. सविताने चार हंगाम ते केलं होतं. ती उठली. तिचे डोळे कोरडे होते.

“किल्ली देणार नाही,” ती म्हणाली. “खरं दाखवीन.”

पण खरं दाखवायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. रियाजला मात्र एक माणूस ठाऊक होतं.

३

गुलजारबी म्हणजे रियाजच्या फुफी, त्याच्या आत्या. नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. राहायच्या नदीपलीकडे जुन्या नाशकात. अंगणात चिंचेचं झाड, झाडाखाली बांधलेली दिलरुबा नावाची बकरी, आणि संध्याकाळी गल्लीतली मुलं. मुलांना उत्तर कधी सांगायचं नाही, उत्तरापर्यंत चालत न्यायचं, ही त्यांची जन्माची सवय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “सविता, तुझ्यावर संशय आहे म्हणून रडू नकोस. संशय म्हणजे निकाल नाही. ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याला आम्ही विज्ञानवाले संशय म्हणतो.”

“मी रडत नाहीये, बाई. मला राग आलाय.”

“वा! राग कामाला येतो. चल, पहिला संशयित घरातच आहे. रियाज, इकडे बस.”

“फुफी, मीच तर हिला तुमच्याकडे घेऊन आलो!”

“चोरसुद्धा पोलिसाला वाट दाखवतो. हिने काय लिहिलं, ते तुझ्या मशीनवर दिसतं?”

“शोधलं तर दिसतं. पण मी कशाला शोधू? दिवसभर पोरं येतात, निकाल बघतात, गाणी उतरवतात. मी गल्ल्यावर बसलेला असतो, पाठ त्यांच्याकडे.”

“म्हणजे बघता आलं असतं.”

“फुफी, मी चोर आहे का?”

“ते अजून ठरायचंय. ठरेपर्यंत चहा मिळणार नाही.”

सविताला हसू आवरेना. रियाज तोंड वाकडं करून दिलरुबाला पाला घालायला गेला. गुलजारबींनी पायात चपला सरकवल्या. दुसरा संशयित त्यांचा जुना विद्यार्थी होता, आणि गटाशी त्याचं भांडण झालेलं होतं.

४

किशोरचं ऑफिस कॉलेज रोडवर, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. बाईंना बघताच तो खुर्चीतून उठला, आणि सविताला बघून परत बसला.

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आजच घेऊन टाका. ह्यांचा मुहूर्त! इंटरनेटला कसली आखाजी?”

“आणि तू म्हणालास, नाव तुझ्या नावावर घेऊ,” सविता म्हणाली.

“सोयीसाठी म्हणालो! तुमच्याकडे कार्ड नाही, काही नाही. चिमणाबाईंनी मला काय काय ऐकवलं, बाई, तुम्ही असायला पाहिजे होतात.”

“भांडण नंतर,” गुलजारबी म्हणाल्या. “आधी मला शिकव. ते बटण दाबलं की काय होतं?”

शिकवायला सांगितल्यावर किशोर सैल झाला. “बाई, माझं पान स्वतः काही ओळखत नाही. ते दुसऱ्या एका मशीनला प्रश्न विचारतं. ते मशीन बघून सांगतं, नाव उपलब्ध आहे की घेतलेलं. असं एका प्रोग्रामने दुसऱ्याला विचारायची जी सोय असते, तिला एपीआय म्हणतात.”

“म्हणजे सीबीएस बसस्थानकावरची चौकशीची खिडकी. पेठची गाडी कधी, असं विचारायचं, आतून उत्तर येतं.”

“अगदी तसंच.”

“प्रश्न कसा दिसतो? मला लिहून दाखव.”

त्याने एक लांबलचक पत्ता टाइप केला. आधी त्या मशीनचं नाव, मग किशोरला मिळालेली एक चावी, म्हणजे आकड्या-अक्षरांचा एक तुकडा, आणि सगळ्यात शेवटी ज्याची चौकशी करायची ते नाव. एंटर दाबताच पडद्यावर उत्तर उमटलं.

“म्हणजे तुझ्या पानाशिवायही विचारता येतं?”

“ही ओळ असली की कुणालाही, कुठूनही.”

“आणि पानावरून विचारलं, तर काय विचारलं ते तुला कळतं?”

किशोरने खुर्ची मागे सरकवली. “कळू शकतं. पण मी तशी सोय केलेली नाही.”

“केलेली नाहीस, असं तू म्हणतोस.” बाईंनी ती ओळ हातावर उतरवून घेतली, शाळेतली मुलं परीक्षेला उतरवतात तशी. “खिडकी कुणाची आहे?”

“जयराम सरांची. इथेच द्वारका चौकात ऑफिस आहे. फुकट देतात, बाई. नवीन मुलांना मदत म्हणून. तुम्ही भेटा त्यांना. नाव सोडवायचा काही मार्ग असेल, तर तेच सांगतील.”

५

जयराम खरोखरच मदतीचा माणूस वाटला. थंडगार केबिन, पाण्याचे ग्लास, वर पेढे.

“वाईट वाटलं ऐकून,” तो म्हणाला. “मॅडम, ह्या धंद्यात पहिला येईल त्याचं नाव. मी माहिती काढली. कुणीतरी मुंबईची पार्टी आहे. ताठ आहे जरा. पण माझी ओळख निघेल.”

“मग सोडवून द्याल?” सविताने विचारलं.

“प्रयत्न करतो. तुम्ही एक करा, वेबसाइट माझ्याकडे ठेवा. बनवणं, चालवणं, ऑर्डरी, सगळं माझ्याकडे. मग मला पार्टीशी बोलायला जोर येतो.”

“सगळं तुमच्याकडे,” गुलजारबी म्हणाल्या.

“तुमच्याच सोयीसाठी. बायाबापड्यांनी हे सांभाळायचं म्हणजे...” तो सविताकडे वळून हसला. “ताई, रोज सकाळी विचारत बसण्यापेक्षा तेव्हाच घेऊन टाकलं असतंत, तर ही वेळ आली नसती.”

सविताने मान खाली घातली. गुलजारबींनी पेढा अर्धा मोडला, अर्धा परत ताटलीत ठेवला आणि म्हणाल्या, “आम्ही आखाजीपर्यंत विचार करून सांगतो.”

जिन्यात सविता थांबली. “बाई, देऊन टाकूया का सगळं त्यांना? निदान नाव तरी मिळेल.”

“नाव मिळेल, आणि त्याच्यामागे मालकही मिळेल. तुला मालक हवाय?”

“नाही.”

“मग घरी चल. आज प्रयोग मांडायचाय.”

६

दुसऱ्या दिवशी गुलजारबींनी तिघांना वेगवेगळं बोलावलं. प्रत्येकाला सांगितलं, “चिमणाबाईंनी नवीन नाव ठरवलंय. फक्त तुला सांगते. कुठे बोलायचं नाही, मशीनवर टाकून बघायचंही नाही.” सविताला सांगितलं पेठनागली. रियाजला सांगितलं नागलीघर. किशोरला नागलीअंगण. तिन्ही नावं चांगली, कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं अशी.

चौथं नाव त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

रोज सकाळी शहर बसने त्या नाशिकरोडला जायच्या. तिथल्या एका अनोळखी कॅफेत बसायच्या. किशोरचं पान न उघडता, हातावरून उतरवलेली ती लांब ओळ पत्त्याच्या जागी टाइप करायच्या आणि शेवटी चौथं नाव लिहायच्या. उत्तर यायचं, ‘उपलब्ध’. त्या उठून घरी यायच्या.

“कुठे जाता एवढ्या उन्हात?” रियाजने विचारलं.

“एका खिडकीत गाडीची चौकशी करते.”

“कुठल्या गाडीची?”

“जी मला पकडायचीच नाहीये.”

रियाजने कपाळाला हात लावला. तिकडे गटाच्या खोलीत सवितासमोर कुणी ताट सरकवत नव्हतं. ती स्वतःचं ताट स्वतः घ्यायची, सगळ्यांच्या मधोमध बसून जेवायची आणि मोठ्याने वाढून मागायची. आखाजी परवावर आली.

त्या सकाळी नाशिकरोडच्या कॅफेत गुलजारबींनी ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि एकट्याच मोठ्याने हसल्या.

पडद्यावर आलं होतं, ‘घेतलेले’.

मग त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्या, परदेशातल्या एका मोठ्या नोंदणीच्या साइटवर जाऊन बाकीची तीन नावं तपासली. पेठनागली मोकळं. नागलीघर मोकळं. नागलीअंगण मोकळं.

७

आखाजीच्या आदल्या दिवशी जयरामच्या केबिनमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. चिमणाबाई, सविता, किशोर, रियाज आणि गटातल्या बाकीच्या बायका दारापर्यंत उभ्या. गुलजारबी टेबलासमोर बसल्या.

“काय ठरलं मॅडम?” जयराम म्हणाला. “साइट माझ्याकडे?”

“त्याआधी एक शंका आहे. तुम्ही माझी बकरी का घेतलीत?”

“काय?”

“दिलरुबाबकरी डॉट कॉम. दिलरुबा माझी बकरी आहे. दूध कमी देते, शिंगं जास्त मारते. जगात तिची वेबसाइट कुणाला हवी असेल?”

रियाज फिस्सकन हसला. जयराम हसला नाही.

“पार्टीने घेतलं असेल. मला काय माहीत!”

“मग मी सांगते. चुकलं तर थांबवा.” गुलजारबी वर्गात बोलाव्यात तशा सावकाश बोलू लागल्या. “मी चार नावं काढली. तीन माणसांना सांगितली, एकेकाला एक. नागलीचीच नावं, चोराला हवीहवीशी वाटणारी. ती तिन्ही अजून मोकळी आहेत. म्हणजे सविता, रियाज आणि किशोर ह्यांच्या तोंडून काही गळालं नाही. चौथं नाव मी एकाही माणसाला सांगितलं नाही. ते किशोरच्या पानावर टाकलं नाही, रियाजच्या मशीनवर टाकलं नाही. ते मी फक्त एकाच ठिकाणी बोलले. तुमच्या खिडकीत. आणि तेच तेवढं चोरीला गेलं.”

“योगायोग असू शकतो.”

“बकरीच्या बाबतीत? माणसाने चोरलं असतं, तर त्याने आधी नावाचा अर्थ बघितला असता. पण ज्याने हे घेतलं, त्याने अर्थ बघितलाच नाही. एक नाव कुणीतरी रोज विचारतंय, एवढंच बघितलं. जे रोज विचारलं जातं, ते कुणाला तरी हवं असतं. खिडकीच्या आत बसलेल्याला हे सगळ्यात आधी कळतं. मी रोज पेठच्या गाडीची चौकशी केली, तर मी पेठला जाणार हे आतल्या माणसाला माझ्या घरच्यांच्या आधी कळेल. आणि दोन्ही नावांची पार्टी एकच आहे. ही मुंबईची कंपनी, दोन्हीकडे तीच नोंद. नाव कुणाच्या नावावर आहे ते कुणालाही बघता येतं, मी कालच बघितलं.”

किशोर पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. “सर, नाव घेतल्यावर पहिले थोडे दिवस ते फुकट परत करता येतं. तुम्हीच मला शिकवलं होतं. म्हणून बकरीसुद्धा धरून ठेवली ना? गिऱ्हाईक आलं तर आलं?”

“ह्याला पुरावा म्हणत नाहीत,” जयराम म्हणाला. “माझ्यासारख्या खिडक्या शंभर आहेत.”

“खरं आहे. म्हणून तुमचंच एक वाक्य तुम्हाला परत करते. तुम्ही सविताला म्हणालात, रोज सकाळी विचारत बसण्यापेक्षा घेऊन टाकायचं. सविता, तू रोज विचारायचीस, हे कुणाला माहीत होतं?”

“कुणालाच नाही,” सविता म्हणाली. “मावशींनासुद्धा नाही. लाज वाटायची.”

“किशोर, तुला?”

“मला वाटलं एकदा बघितलं असेल. आजच ऐकतोय.”

“मग जयरामसाहेब, तुम्हाला कुणी सांगितलं?”

मग जयरामने पेन टेबलावर टाकलं.

“बरं. घेतलं मी. गुन्हा काय केला? पहिला येईल त्याचं, असा नियमच आहे. जा कोर्टात. आणि जायचं नसेल तर साइट माझ्याकडे द्या, नाव आत्ता तुमच्या हातात देतो. नाहीतर बसा. नागलीच्या पापडाला दुसरं नाव तरी काय मिळणार तुम्हाला? खडकावरचं धान्य ते!”

सगळ्यांनी चिमणाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला.

“खडकावरचंच हाय,” त्या म्हणाल्या. “जिथं भात रुसतो तिथं आमची नागली उभी ऱ्हाती. ठेव ते नाव तुझ्याकडं. बकरी बी ठेव. पाला घालत जा तिला टायमावर.”

“मावशी, नाव सोडायचं?” मागून कुणीतरी विचारलं.

“चोराच्या हातून बारसं करून घ्यायचं नाय मला.”

गुलजारबी उठल्या. “आणि साहेब, कोर्टाचं मला कळत नाही. मला शिकवणं कळतं. नाशकात जेवढे कॅफे आहेत, जेवढे कॉम्प्युटरचे क्लास आहेत, तेवढ्या ठिकाणी जाऊन मी मुलांना हा प्रयोग शिकवणार आहे. बकरीसकट. तुमच्या खिडकीत यापुढे कुणी खरा प्रश्न विचारणार नाही.”

“बाई, पहिला क्लास माझ्या ऑफिसात,” किशोर म्हणाला. त्याने तिथेच फोन काढून आपलं चौकशीचं पान बंद करायला सांगितलं.

८

आखाजीच्या सकाळी रियाजच्या कॅफेत बायकांनी सगळ्या खुर्च्या अडवल्या होत्या. रियाजने ‘आज बंद’ची पाटी लावली आणि फुफीने दिलेला चहा, थकबाकीसकट, दोन कप प्यायला.

किशोरने त्या परदेशी साइटचं नोंदणीचं पान उघडलं. पैसे त्याच्या कार्डावरून जाणार होते. मालकाच्या रकान्यात त्याने गटाचं नाव स्वतःहून लिहिलं आणि चिमणाबाईंना वाचून दाखवलं.

“नाव काय टाकू? आधी बघूया का, मोकळं आहे का?”

“अजिबात नाही,” सविता म्हणाली. “आधी विचारायचं नाही. सरळ घ्यायचं. दुसऱ्या कुणाचं असलं, तर तेव्हा कळेल.”

चिमणाबाई पुढे झाल्या. “थांबा. बारसं हाय. नाव आत्या सांगती. गुलजारबाई, तुमी आत्या.”

“मी रियाजची आत्या,” गुलजारबी म्हणाल्या. “ह्या वेबसाइटची आत्या सविता, ती बसलीय समोर. हिच्यासाठी शिव्या तिने खाल्ल्यात.”

चिमणाबाई सविताजवळ आल्या. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली. खोलीची ती दुसरी किल्ली होती, त्यांची स्वतःची. ती त्यांनी सविताच्या हातात ठेवली.

“दोन्ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मला दारात उभं करून ठेवू नको म्हंजे झालं.”

“ठेवीन,” सविता म्हणाली. “एक दिवस तरी ठेवीनच.”

चिमणाबाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

सविता संगणकाजवळ गेली. वाकली. पाळण्यातल्या बाळाच्या कानाशी वाकावं तशी, पडद्याच्या अगदी जवळ. तिने नाव हळूच उच्चारलं आणि लिहिलं.

खडकनागली.

आणि कुणालाही, काहीही न विचारता बटण दाबलं.

पान फिरत राहिलं. मग हिरव्या अक्षरांत उत्तर आलं. ‘हे नाव आता तुमचे आहे.’

“कुर्र्र!” चिमणाबाई ओरडल्या, आणि साऱ्या बायका बारशातल्या आत्याच्या पाठीवर घालतात तसे सविताच्या पाठीवर धपाधप धपाटे घालू लागल्या. तिला बोलणाऱ्या, ताट न सरकवणाऱ्या, सगळ्या.

“हळू गं!” सविता ओरडली, पण बाजूला झाली नाही.